पुसा म्हणजे विचारा

बायको गेली त्याच्या पंधराव्या दिवशी एक माणूस मोसंब्यांची पिशवी घेऊन आमच्या पेरुंगुडीच्या घरी आला, सोफ्यावर टेकला आणि म्हणाला, "म्हटलं, जरा विचारपूस करून यावी."

त्या एका शब्दात त्यानं स्वतःची मानगूट माझ्या हातात दिली. त्याला ते कळलं नाही. मलाही तो गेल्यावर कळलं.

हा माणूस बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळात सगळे त्याला सर म्हणतात. शुद्ध मराठी म्हणजे काय ते तो ठरवतो. गणपतीच्या आरतीत कोणी चुकलं तरी टाळ थांबवून सांगतो. मी त्याला सर म्हणत नाही. मी सातवी शिकलेला माणूस, संरक्षण खात्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलो, त्यामुळे सर कोणाला म्हणायचं याची मला माझी माहिती आहे.

त्यानं माझ्या बायकोचं काय केलं ते सांगतो. त्यासाठी आधी तिची भाषा सांगायला पाहिजे.

ती तंजावरकडच्या मराठ्यांतली. तिच्या खापरपणज्याच्याही आधीपासून हे लोक इकडेच. महाराष्ट्र कोणी पाहिलेला नाही, पण घरात मराठी. मी सांगलीकडून नोकरीला आलो तेव्हा तिच्या वडिलांच्या मागच्या खोलीत राहायचो. ते रेल्वेत कारकून होते. मराठी बोलणारा पोरगा म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं आणि दोन वर्षांनी मुलगीही दिली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "सिनेमाला जायचे ना? थांबा, आईस पुसून येते." मला वाटलं आईला घाम आलाय. मी म्हटलं, "टॉवेल देऊ का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग कळलं की पुसणे म्हणजे तिच्याकडे विचारणे. आई हो म्हणाली, आम्ही सिनेमाला गेलो, आणि ती सबंध सिनेमाभर मधून मधून टॉवेल आठवून हसत होती.

तसंच 'बहुत'. बहुत ऊन, बहुत गर्दी, सांबारात बहुत मीठ. आणि उद्याला 'उदईक'. मला गंमत वाटायची. महिन्याभरात गंमत गेली आणि कानाला ते गोड लागायला लागलं.

तिनं माहेराहून एक पत्र्याची ट्रंक आणली होती. त्यात पुस्तकं. तिच्या पणज्यानं मुंबईहून टपालानं मागवलेली, म्हणजे शंभराच्या वर वर्षं झालेली. तेवढीच त्या घराची मराठी शाळा. पानं चहाच्या रंगाची, जरा जोरात उलटली तर कोपरा तुटून हातात. मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला घातलेला. पहिली पाळी करून मी चार वाजता घरी यायचो. मी शेवग्याचा पाला निवडत बसायचो आणि ती त्या ट्रंकेतलं पुस्तक मोठ्यानं वाचायची. मला वाचता येत होतं, पण ते छापलेलं बघूनच मी घाबरलो होतो. जिथे तिथे अक्षरांच्या डोक्यावर टिंबं. घरांत, नाहीं, कांहीं, त्यांनीं. मी म्हटलं, "माश्या बसल्यात का ह्याच्यावर?"

ती म्हणाली, "ते टिंब जिभेने नाही वाचायचे. नाकात थोडे धरायचे आणि सोडून द्यायचे."

ती तसं वाचायचीही. नाकात थोडं धरून.

त्या सगळ्यांत एक जाड कादंबरी होती. पहिली आठ पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे नाव नाही, लिहिणाऱ्याचंही नाव नाही. आम्ही तिला नुसतं 'जाड' म्हणायचो. "आज जाड वाचू का?" त्यात एक मुलगी आहे, तिचा भाऊ परागंदा झालेला आहे, आणि एक शिरस्तेदार आहे. कचेरीत भर लोकांसमोर हा शिरस्तेदार त्या मुलीचं पत्र मुद्दाम चुकीचं वाचून दाखवतो आणि तिला चोर ठरवतो. लिहिणारा मध्येच गोष्ट थांबवून आपल्याशी बोलतो. सुज्ञ वाचकहो, म्हणतो. मला सुज्ञ म्हणणारा जगात तोच एक. फोरमननं कधी म्हटलं नाही.

आता मंडळातली गोष्ट. मंडळाच्या हॉलमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनाचा कार्यक्रम असतो. मुलगा लहान असताना आम्ही नेमानं जायचो. एकदा कोणीतरी म्हणालं, वहिनींकडे जुनी पुस्तकं आहेत, त्यांनी वाचावं. ती आठ दिवस तयारी करत होती. जाडच्या पानांना हवा दिली, निळी कांजीवरम काढली. माइकसमोर उभी राहून म्हणाली, "हे बहुत जुने पुस्तक आहे. मध्ये काही नाही कळले तर मज पुसा."

पहिल्या रांगेतून हा बँकवाला म्हणाला, "पुसतो की वहिनी. फडकं आणलंय का?"

हॉल हसला. त्याला तेवढ्यानं भागलं नाही. उभा राहून म्हणाला, "आणि बहुत हिंदीत असतं बरं का. आपण मराठीत बोलू. खूप म्हणा. विचारा म्हणा. चुकलं तर लाजायचं नाही, आम्ही आहोत शिकवायला."

पुन्हा हसले. मीपण हसलो. थोडंच, पण हसलो. ती माझ्याकडेच बघत होती.

तिनं एक पान भराभर वाचलं आणि खाली उतरली. परत येताना बसमध्ये ती माझ्याशी तमिळमध्ये बोलली. तिकीट काढलं का, उद्या दूधवाल्याला सांगायचं आहे, एवढंच, पण तमिळमध्ये. लग्न झाल्यापासून तिनं असं कधी केलं नव्हतं. मी म्हटलं, "राग आला का?" "परवाइल्लै," ती म्हणाली. काही हरकत नाही.

घरी ती पुन्हा मराठीत बोलायला लागली, पण पुसणं गेलं. 'विचार' म्हणायची, आणि त्याच्या आधी किंचित थांबायची. घशात अडकलेलं काहीतरी गिळून मग बोलावं तशी. "शेजारणीला... विचारून येते." ते थांबणं मी पंचवीस वर्षं ऐकलं. 'बहुत'चं 'खूप' झालं. 'उदईक' कधी गेलं ते कळलंच नाही. जाड ट्रंकेत गेलं आणि ट्रंक पलंगाखाली गेली. मी दोन-तीनदा म्हटलं वाच म्हणून. ती म्हणायची, डोळे दुखतात. टीव्ही बघताना दुखत नव्हते.

मी तेव्हा त्या माणसाला काही बोललो नाही. तो शिकलेला होता. मला वाटलं, असेल बाबा त्याचं बरोबर.

गेल्या वर्षी कॉफीचं डिकॉक्शन गाळता गाळता ती ओट्यापाशी खाली बसली आणि गेली. मुलगा शोळिंगनल्लूरला ऑफिसात होता, तो येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवसाबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

मग तो मोसंबीवाला आला. विचारपूस. तो गेल्यावर कप उचलत होतो आणि तो शब्द डोक्यात भुंग्यासारखा फिरायला लागला. विचार-पूस. विचार म्हणजे विचारणं, हे तर त्यानंच शिकवलं. मग पूस म्हणजे काय? फडकं?

कप तसेच ठेवले. पलंगाखालून ट्रंक ओढली. मोसंबी मी खाली वॉचमनच्या गायीला घातली. गायीनं खाल्ली. मला तेही आवडलं नाही.

मी जाड वाचायला घेतलं ते सुडासाठी. हे स्पष्ट सांगतो, कारण लोक म्हणतात, बायकोच्या आठवणीसाठी वाचता का, किती छान. छान वगैरे काही नाही. मला तो शब्द त्या पुस्तकात शोधायचा होता आणि त्या माणसाच्या तोंडावर मारायचा होता. रोज सकाळी बाल्कनीत बसायचो. कारखान्यात नगावरची चीर बघायला वापरायचो ते भिंग माझ्याकडे आहे, ते घ्यायचो. पेन्सिलीची खूण केलेली तिला चालली नसती. म्हणून भिंतीवरच्या तारखेच्या कॅलेंडरचं रोज एक पान फाडतो ना, त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि जिथे पुसणे सापडेल तिथे पट्टी घालायची.

तिसऱ्याच पानावर सापडलं. तिनें त्यास पुसिलें. मी इतक्या जोरात मांडीवर थाप मारली की सून आतून धावत आली. "एन्न आच्चु, मामा?" काय झालं? मी म्हटलं, काही नाही, एक चोर सापडला.

दहा दिवसांत कॅलेंडरच्या गेल्या महिन्यांची साठवलेली सगळी पानं संपली. 'बहुत' तर इतकं निघालं की त्याच्या पट्ट्या घालायचं सोडून दिलं. बहुत वर्षें, बहुत लोक, बहुत दुःख. छापलेलं. मुंबईत. पंडितांनी. माझी बायको एकही शब्द चुकीचा बोलली नव्हती. तिच्या घरातल्यांनी ती मराठी लोणच्यासारखी बरणीत घालून शंभर वर्षं टिकवली होती, आणि ह्या माणसानं झाकण उघडून म्हटलं होतं, वास येतोय.

पण वाचता वाचता माझं दुसरंच काहीतरी झालं. पट्टी घालायची विसरायला लागलो. शब्द शोधायला बसायचो आणि मुलीचं पुढे काय झालं ह्यात अडकायचो. सून जेवायला हाक मारायची, मी म्हणायचो, हे एवढं पान. पूर्वी हे मी तिच्या तोंडून ऐकलं होतं आणि चिडलो होतो, आता मीच म्हणत होतो.

आधी मला त्या लिहिणाऱ्याचा राग यायचा. मुलगी पुराच्या पाण्यात गळ्याइतकी उभी आहे आणि हा बाबा दोन पानं आमराईचं वर्णन करतो. आंब्याच्या जाती सांगतो. मी बाल्कनीत बसून त्याला शिव्या दिल्या. अरे, तिला वर काढ आधी! मग हळूहळू कळलं की त्यालाही ती बुडायला नको आहे, म्हणून तो आमराईत रेंगाळतोय. आपणही हॉस्पिटलच्या जिन्यावर असं रेंगाळतो. त्याचं वाक्य एकदा निघालं की अर्धं पान चालतं. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. पण ते मनात नुसतं वाचायचं नसतं. मोठ्यानं वाचलं की बरोबर जिथे दम लागतो तिथे तो थांबलेला असतो. मोठ्यानं वाचायला लागलो आणि टिंबंही आपोआप नाकात जायला लागली.

आणि शिरस्तेदार! आताच्या मालिकांत दुष्ट माणूस शेवटी रडतो, सगळे त्याला मिठी मारतात. इथे तसलं काही नाही. लिहिणारा त्याला लगेच मारत नाही. आधी त्याचे दात पाडतो. मग त्याला लग्नाच्या पंगतीत बसवतो आणि पानात चकल्या वाढतो. मग पोराच्या मुंजीत त्याला त्याच्याच हस्ताक्षरातलं पत्र वाचायला लावतो. बावीस प्रकरणं त्याला भाजत ठेवलाय, मंद आचेवर. शेवटी ती मुलगी भर कचेरीत त्याला एकच प्रश्न पुसते आणि त्याला उत्तर देता येत नाही. मी तो भाग तीनदा वाचला. सूड कसा घ्यायचा ते मी त्या नाव नसलेल्या माणसाकडून शिकलो. घाई करायची नाही. आणि सगळ्यांसमोर घ्यायचा.

मी मंडळात नाव दिलं. दुसऱ्या रविवारी दोन बस बदलून गेलो. पुस्तक तिच्या निळ्या कांजीवरमच्या तुकड्यात बांधलं होतं. बँकवाला दारातच माइकची वायर सोडवत होता.

"अरे वा, तुम्ही वाचणार? चष्मा आणलाय ना?"

"भिंग आणलंय," मी म्हटलं. "बारीक चिरा दिसतात."

हॉल निम्मा भरला होता. जुने आमच्या वयाचे, आणि इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांतली, आयटीतली तरुण मंडळी, जी खरी वडापावसाठी येतात. मी वाचायला लागलो. ओळीखाली बोट धरून. अडखळत होतो. मागे कोणीतरी फिसकन हसलं. हसू दिलं.

मी मुद्दाम ती दोन पानं निवडली होती जिथे मुलगी परक्या गावात भावाला शोधत फिरते. तिनें माळ्यास पुसिलें. वाण्यास पुसिलें. पाणवठ्यावरील बायांस पुसिलें. त्या दोन पानांत अकरा वेळा आहे. दर वेळी तिथे आलो की मी थोडा थांबून पहिल्या रांगेकडे बघायचो. पाचव्या वेळेला एका चष्मेवाल्या मुलीनं हात वर केला.

"आजोबा, पुसिलें म्हणजे काय?"

"ते सरांना पुसा," मी म्हटलं.

बँकवाला खाकरला. "म्हणजे विचारलं. जुनी मराठी आहे. आता कालबाह्य झालाय तो शब्द."

"कालबाह्य? मग माझ्या घरी येऊन काय केलंत?"

"कधी?"

"बायको गेली तेव्हा. विचारपूस करायला आला होतात ना? विचार केलात, कळलं. पूस कशानं केलीत? फडकं तर दिसलं नाही. मोसंबी दिसली."

हॉल हसला. तोच हॉल, तसंच हसू. ह्या वेळी ते दुसऱ्या बाजूला गेलं. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. भिंग लागलं नाही.

मी म्हटलं, "ह्याच जागी, ह्याच पुस्तकावरून, माझ्या बायकोला तुम्ही फडकं आणलंय का म्हणालात. ती बरोबर होती. तुमचं चुकलं. आता तसं बोला."

"मी असं बोललो? मला खरंच आठवत नाही हो."

हे मी धरलं नव्हतं. पंचवीस वर्षं ती शब्द गिळून बोलली आणि ह्याला आठवतही नाही! पुस्तक नाजूक नसतं तर मी ते फेकून मारलं असतं.

तेवढ्यात हळदीकुंकवाचं सगळं बघणाऱ्या एक बाई आहेत, त्या काठी टेकत उभ्या राहिल्या. "सर, मला आठवतं. बोलला होतात. मी हसले होते. चांगली पदर तोंडात धरून हसले होते."

बँकवाला म्हणाला, "मग... चुकलं असेल."

"असेल नाही," मी म्हटलं. "चुकलं. आणि माइकमध्ये."

तो उठला. गुडघे धरत आला. मी माइक त्याच्या उंचीला करून दिला, मला ते काम येतं. तो म्हणाला, "वहिनींचं बरोबर होतं. माझं चुकलं."

त्या बाई अजून उभ्याच होत्या. "भाऊ," त्या मला म्हणाल्या, "राग मानू नका. पण तुम्हीही हसला होतात. मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर होते."

माइक अजून चालू होता. "हो," म्हटलं. "मीपण." लिहिणाऱ्यानं माझ्यासाठी तिथे आमराई ठेवली नव्हती. मी खाली बघितलं, बोट जिथे होतं तिथून पुढची ओळ वाचायला लागलो, आणि प्रकरण संपेपर्यंत थांबलो नाही.

बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू. बस तिरुवान्मियूरला येईपर्यंत फार बरं वाटलं. मग ती असती तर काय म्हणाली असती ते आठवलं. असू द्या हो, म्हणाली असती. तिचा स्वभाव तिच्यापाशी. मी काही तिच्यासारखा चांगला नाही. त्याला मी माफ केलेलं नाही आणि मला माफ करायला जी पाहिजे ती नाही.

पण त्या चष्मेवाल्या मुलीला गोष्टीतल्या मुलीचा भाऊ सापडतो का ते कळल्याशिवाय चैन पडेना. तिनं आणखी चार जणांना गोळा केलं आणि मंडळाला सांगितलं की दर महिन्याला आजोबांनी एक प्रकरण वाचायचं. मी म्हटलं वाचीन, पण अट आहे. सर पहिल्या रांगेत बसले पाहिजेत, आणि कुठला शब्द अडला तर त्यांनी अर्थ सांगायचा. मंडळानं त्यांना कळवलं. नाही कसं म्हणणार? ते शुद्ध मराठीचे सर.

आता ते बसतात. मी अडखळतो, चुकतो, पोरं हसतात. हसली तर हसू देतो, ते माझ्या वाट्याचं आहे. पण मी हळू वाचतो. दर पुसिलेंला थांबतो.

परवा त्यांचा फोन आला. आवाज बराच मऊ.

"अहो, एक सुचवू का? ती आमराईची, नदीची वर्णनं गाळली तर? लोकांना कंटाळा येतो."

"कोणाला?"

"म्हणजे... माझे गुडघे. दीड तास त्या खुर्चीवर बसवत नाही."

"एक ओळ गाळणार नाही," मी म्हटलं. "उशी आणा."

आणि फोन ठेवला.